चेहऱ्याच्या जरा बाजूला

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. ठिकाण: शिरूर, आमचं घर. पाहुण्यांपैकी हजर: मुलगा, त्याचे आईवडील, त्याची आजी आणि हे स्थळ आणणारे मांडवगण फराट्याचे मामा. आमच्याकडून मी, माझा नवरा, मोठ्या जाऊबाई आणि जिला बघायला ही मंडळी दौंडहून आली होती ती माझी मुलगी. मोठे दीर येणार होते, पण कांदाकाढणीला माणसं नेमकी त्याच दिवशी मिळाली, म्हणून ते शेतावर राहिले.

अशी नोंद ठेवायची मला सवय आहे. मी रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर आहे हे डोळे मिटून सांगू शकते, तरीही लिहून ठेवते. घरातही तसंच. लग्न, बारसं, दहावा, काहीही असो, आदल्या दिवशी यादी होते आणि झालेल्या कामावर रेघ मारली जाते.

त्या रविवारच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं: चहा द्यायच्या आधी डोळ्यांचं सांगणे. त्याखालच्या प्रत्येक कामावर रेघ आहे. वरचं एकच तसंच राहिलं.

सांगायचं होतं ते असं. माझ्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी झाला आहे. आजार जन्मापासूनच अंगात होता, कळला दहावीत. फळ्यावरची ओळ वाचताना मधला शब्द गायब व्हायचा. चष्म्याचा नंबर बदलला, पुन्हा बदलला. शाळेतून तक्रार यायची की मुलगी शिक्षकांकडे बघत नाही, भलतीकडेच बघते. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्याचे फोटो काढले आणि समजावून सांगितलं. याला औषध नाही. पण सगळा अंधारही होणार नाही. कडेचं दिसत राहील. समोर जिथे नजर रोखावी तिथे मात्र डाग राहील. मी विचारलं, मग हिने करायचं काय? ते म्हणाले, आता डोळ्यांवर उपचार नाही, डोळ्यांचं शिक्षण करायचं. आणि त्यांनी दृष्टी पुनर्वसनाच्या केंद्राची चिठ्ठी दिली.

त्या केंद्रात आम्ही कितीतरी फेऱ्या घातल्या. सकाळची एसटी, संध्याकाळी परत. तिथल्या शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर सगळी आयुधं मांडली. हातात धरायचं भिंग, कागदावर ठेवायचं दिव्याचं भिंग, अंगठ्याएवढी दुर्बीण, पिवळ्या काचेचा चष्मा. मुलीने एकेक लावून बघितलं आणि दिव्याचं भिंग व दुर्बीण बाजूला काढली. बाकीचं म्हणाली नको, ओझं होईल.

दुर्बीण एसटीची पाटी वाचायला. शिरूरच्या स्टँडवर तिने ती पहिल्यांदा डोळ्याला लावली तेव्हा शेजारी उभा असलेला कंडक्टर म्हणाला, "काय मॅडम, चंद्र बघताय का?" ती म्हणाली, "न्हाई मामा, तुमची पाटी बघतेय. चंद्र वेळेवर येतो." त्यानंतर त्या मार्गावरचा तो कंडक्टर तिला लांबूनच गावाचं नाव ओरडून सांगतो.

नजरेची तपासणी मात्र तिला नको व्हायची. पूर्वी एका अंधाऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायला लागे, ठिपका चमकला की बटण दाबायचं, मान अवघडून जाई. मग केंद्रात हेडसेट आला. डोळ्यांवर बांधायचा, खुर्चीत आरामात बसायचं, आत ठिपके उजळतात. दिसला की बटण दाबायचं. शेवटी कागदावर नकाशा निघतो. तिच्या नकाशात मधोमध काळा ठसा आणि भोवती उजेड. हे बघा, हे शेत, ही पडीक जमीन, असं मॅडमनी मला समजावलं. शिरूरच्या बाईला कळेल असं सांगायची त्यांची धडपड मला आवडली.

त्याच हेडसेटमध्ये रस्ता ओलांडायचा सरावही होता. आत एक रुंद रस्ता, रिकामा फुटपाथ, पांढऱ्या पट्ट्यांपाशी शहाण्यासारख्या थांबणाऱ्या गाड्या. कुणी हॉर्न वाजवत नाही. मुलीने दोनदा ओलांडून दाखवला आणि हेडसेट काढत म्हणाली, "मॅडम, यात उसाचा ट्रॅक्टर घाला. दोन ट्रॉल्यांचा, आणि वर टेप लावलेला. मग खरं शिक्षण." मॅडमनी हसत हसत ते लिहून घेतलं. नंतर त्या कंपनीला कळवलं की नाही ठाऊक नाही. नगर रस्ता ओलांडायला तिला मीच शिकवलं, आवाज ऐकून.

एके दिवशी मॅडम मला म्हणाल्या, आता तुम्ही घाला. माझ्यासाठी त्यांनी वेगळं काहीतरी लावलं. आधी एक स्वयंपाकघर दिसलं आणि नजरेच्या मधोमध राखाडी डाग. गॅसचं बटण बघायला गेले, डाग बटणावर. कपाकडे बघितलं, डाग कपावर. मी मान झटकली, डाग हलेना. मग त्यांनी हेडसेटचा कॅमेरा चालू केला. आता समोर खरी खोली होती, आणि खुर्चीत माझी मुलगी. तिची वेणी दिसली. कानातलं दिसलं. खांदे, ओढणी, मांडीवरचे हात दिसले. चेहरा नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "तिच्या कानाकडे बघा."

मी कानाकडे बघितलं आणि चेहरा आला. पुसट, पाण्यातून दिसावा तसा, पण आला.

नजर बाजूला ठेवून बघायला शिकायचं, हेच ते शिक्षण. प्रत्येकाची जागा वेगळी असते. माझ्या मुलीला समोरच्याच्या डाव्या कानाकडे, किंचित वर बघितलं की चेहरा सगळ्यात नीट दिसतो. ते तिने इतकं घटवून घेतलं की आता तिलाही त्याची जाणीव राहिलेली नाही. कुणी तिच्याशी बोलत असेल आणि ती त्याच्या कानामागच्या भिंतीकडे बघत असेल, तर समजावं की ती अगदी मन लावून त्याच्याकडे बघते आहे.

घरी आम्ही मॅडमच्या सांगण्यावरून बदल केले. गच्चीच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. पांढऱ्या कपांसाठी गडद हिरवा ट्रे आणला, म्हणजे कप उठून दिसतात. मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांची झाकणं वेगळ्या रंगांची केली. ती बी.कॉम. झाली, आता एका टायपिंग क्लासमध्ये शिकवते. टायपिंगला खाली बघायचंच नसतं, त्यामुळे तिथे ती सगळ्यांच्या पुढे आहे.

आता त्या रविवारचं.

मामांना आम्ही सगळं सांगितलेलं होतं. ते माझ्या नवऱ्याचे लांबचे मामा, गावाकडची निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली. त्यांचं म्हणणं, आधी पोरगी बघू द्या. मनात भरली म्हंजी मग सांगू. आधीच सांगितलं तर गाडी चौफुल्यावरनंच माघारी जाईल. जाऊबाईंना ते पटलं. मला पटलं नाही, मुलीला तर नाहीच. तिची अट एकच होती, त्यांना माहीत असलं पाहिजे. मी तिला शब्द दिला की चहाच्या आधी मी स्वतः सांगते. मामा म्हणाले, सांग की, तुझी पोरगी आहे.

शनिवारी संध्याकाळी जाऊबाईंनी जिन्यावरच्या पिवळ्या पट्ट्या काढल्या. पाहुणे विचारतील हे काय, आणि नको त्या वेळी विषय निघेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, निघू दे की. त्या म्हणाल्या, विषय तू काढ, पट्ट्यांनी नको. पट्ट्या निघाल्या, डिंकाचे डाग राहिले. ते घासायचं काम माझ्या यादीत आलं आणि मी ते केलंही.

पाहुणे सकाळी येणार होते, दुपारी आले. मुलगा रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे, उंच, शांत, उन्हातानात रापलेला. वडील साखर कारखान्यातून निवृत्त. आई कमी बोलणारी. आजी मात्र गाडीतून उतरल्यापासून बोलत होत्या. चष्म्याला काळी दोरी, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "घर गावाबाहिर हाय, ब्येस झालं. आमच्या दौंडात तर रातसारी गाड्या. झोपंत बी शिट्टी."

सगळे बसले. मी पाणी दिलं. मग बोलायला तोंड उघडलं. मी म्हणाले, एक गोष्ट आधी सांगायची होती. मामांनी तिथल्या तिथे हात वर केला आणि म्हणाले, होय होय, सांगायचंच आहे, मुलगी नोकरी करते, ती सोडणार नाही, हेच ना? मुलाचे वडील म्हणाले, त्यात काय, करू दे की. आणि आतून मुलगी ट्रे घेऊन आली.

मी पुन्हा बोलू शकले असते. तिला आत पाठवून बोलू शकले असते. पण ती आली होती, आणि पाचसहा माणसं तिच्याकडे बघत असताना तिच्या डोळ्यांबद्दल बोलायला माझी जीभ उचलेना.

तिने सगळ्यांना चहा दिला. एक थेंब सांडला नाही. आजींनी विचारलं, काय शिकलीस, स्वैपाक येतो का, शेतात गेलीयस का कवा. तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, आजींच्या कानाकडे बघत. आजी शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाल्या, "नजरंला नजर दीना बघ. आता आशा पोरी ऱ्हायल्या न्हाईत." मामा लगेच म्हणाले, वळण आहे घराला. जाऊबाईंनी मान डोलावली. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

त्यानंतर मुलाला आणि मुलीला गच्चीवर बोलायला पाठवलं. ते वर असताना मी दुसऱ्यांदा सांगायचं ठरवलं होतं, पण मुलाचे वडील आणि माझा नवरा कांद्याच्या भावावर बोलायला लागले. कांद्याचं बोलणं सुरू झालं की आमच्याकडे त्यात कुणाला शिरता येत नाही. मी खारे शेंगदाणे आणून ठेवले आणि वाट बघत राहिले.

ती दोघं खाली आली. शेवटच्या पायरीवर तिचा पाय चुकला. एरवी तिथे पिवळी पट्टी असते. मुलाने पटकन तिच्या कोपराला धरलं. सगळे हसले, आजी सगळ्यात जास्त. म्हणाल्या, "आत्तापास्नंच हात धरला व्हय रं?" मुलगा हसला नाही. त्याने एकदा पायरीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. सिग्नलच्या कामावरच्या माणसांचे डोळे नोकरीत पुन्हा पुन्हा तपासले जातात, असं मामांनीच मला सांगितलं होतं. त्याला काही जाणवलं असेल का, हा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मग आजींनी कमरेची पिशवी सोडली. आतून फडक्याची पुरचुंडी काढली. म्हणाल्या, "माझं राह्यलंय. आमच्यात पोरीला तांदूळ निवडाया देत्यात."

मुलाची आई लाजली. म्हणाली, आत्या, आता कोण करतं असलं, दुकानात निवडलेला मिळतो. आजींनी ऐकलं नाही. तांदूळ घरून आणलेला, त्यात खडे त्यांनी स्वतः टाकलेले. कुठे किती टाकले ते त्यांच्या डोक्यात होतं.

मुलगी सहज उठली, तोच हिरवा ट्रे घेऊन आली, पुरचुंडी त्यात ओतली आणि खाली बसली. लहानपणापासून ती तांदूळ बोटांनी निवडते. तळहात सपाट ठेवून दाणे पसरते, बोटांच्या टोकांनी चाळत जाते, खडा लागला की अंगठ्याने कडेला सारते. नजर असते ट्रेच्या पलीकडे. त्या दिवशी आजींच्या गुडघ्यावर होती.

"खाली बघत बी न्हाई," आजी म्हणाल्या. "सवयीचा हात हाय."

तिने खडे वेगळे करून आजींच्या तळहातावर ठेवले. आजींनी ते चष्म्याजवळ नेले, एकेक पारखले, आणि एक बाजूला काढला. "ह्यो माझा न्हाई. ह्यो तांदळातलाच. मला बी घावला न्हवता."

सगळे हसले. मग त्या मांडी घालून नीट बसल्या आणि तांदूळ का देतात ते सांगितलं. त्यांची धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं की दिवस मावळला की तिला दिसत नाही. तिच्या माहेरच्यांनी सगळे कार्यक्रम दुपारचे ठेवले होते. लग्नानंतर महिनाभरात ती संध्याकाळी गोठ्यात पडली, हात मोडला, तेव्हा सगळं बाहेर आलं. तिला माहेरी पाठवलं. परत आणलं नाही.

"तिच्यावर राग न्हवता," आजी म्हणाल्या. "सांगितलं आसतं तर हाताला धरून न्हेली आसती. तिच्या मानसांनी लपवलं, त्येचा राग. तवापास्नं मी तांदूळ देती. हिचं डोळं तेज हायेत."

माझ्या मुलीने मान वळवली आणि माझ्या डाव्या कानाकडे बघितलं. म्हणजे सरळ माझ्याकडे. आम्ही आधीच सांगितलं आहे असं ती तोवर समजून होती. गच्चीवरही तसंच समजून बोलली होती.

मी म्हणाले, "आजी, एक ऐका..." आणि जाऊबाई म्हणाल्या, अगं पोहे थंड होतात, साखर आण आतून. पोह्यांवर साखर घालायची सवय आमच्याकडे कुणालाच नाही. तरीही मी उठून आत गेले, साखरेचा डबा हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. बाहेर आले तेव्हा मंडळी चपला घालत होती.

निरोप संध्याकाळीच आला. पसंत. मामांचा आवाज फोनमधून सगळ्या घरात ऐकू येत होता. म्हणलं न्हवतं का, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सांगायचं कधी, असं मी विचारलं तर म्हणाले, आता पुढच्या रविवारी सुपारी फोडू, मग सावकाश. जाऊबाईंचं मत आणखी पुढचं, साखरपुडा होऊ दे, एकदा दोघांचं बोलणं वाढलं की मुलगाच सांभाळून घेईल. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तिला विचार."

ती ओट्यापाशी कप विसळत होती. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले.

"मुलगा कसा वाटला?"

"चांगलाय." तिने कप उपडा ठेवला. "त्याने विचारलं, माझ्याकडं बघत का नाही. मी म्हटलं, बघतेच आहे. आई, मी त्याला नीट बघितलं. हनुवटीवर व्रण आहे, जुना. वरचं बटण दुसऱ्या शर्टाचं लावलंय. त्याला वाटलं मी लाजतेय. मला वाटलं, माहीत असून गंमत करतोय. मला बरं वाटलं होतं."

मी कप पुसत राहिले.

"तू म्हणाली होतीस चहाच्या आधी," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं की तूच त्याला फोन कर, तुमचे नंबर आहेत एकमेकांकडे, तुझ्या तोंडून त्याला जास्त पटेल. तिने नळ बंद केला.

"मी सांगितलं तर ते म्हणतील पोरगी खरी, माणसं खोटी. त्या आजी काय म्हणाल्या ऐकलंस ना? तिच्या माणसांनी लपवलं. मग माणसांनी सांगितलं पाहिजे. तू सांग. सुपारीच्या आधी. नाहीतर रविवारी मी बाहेर येणार नाही."

ती चिडून बोलली नाही. कामाची वाटणी करावी तसं बोलली. ते माझ्याकडूनच आलंय तिच्यात.

सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी मी जिन्यावर नवीन पिवळ्या पट्ट्या लावल्या. जाऊबाईंनी ते बघितलं. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत स्टोअरच्या मागे जाऊन दौंडला फोन लावला. मुलाच्या आईचा नंबर होता, उचलला आजींनी. सून गिरणीत गेली होती.

आजी खुशीत होत्या. त्यांनी सगळ्या आळीला त्या जादाच्या खड्याची गोष्ट सांगितली होती. शेजारणीला खडा दाखवायला तो फडक्यात बांधून ठेवला होता. मी म्हणाले, आजी, एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, सांग की गं. आणि मी विचारलं, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?

"चैतात करू म्हनतोय पोरगा," त्या म्हणाल्या. "तोवर तुमची पोरगी आमच्यात आली तर तीच घालंल माज्या डोळ्यात औषिद. सुनंचा हात थरथरतो."

मी म्हणाले, हो. आणि कामाची घंटा झाली असं सांगून फोन ठेवला. घंटा व्हायला अजून वेळ होता.

बुधवारी केंद्रातल्या मॅडमना फोन केला. हेडसेट एका दिवसासाठी दौंडला नेता येईल का, म्हणून. एखाद्याकडे त्याची मोटार मागावी तसं वाटलं ते, आणि त्यांनीही नाहीच म्हटलं, केंद्राबाहेर देता येत नाही. पण म्हणाल्या, साधा गॉगल घ्या, काचेवर बुबुळासमोर काळी चिकटपट्टी गोल कापून लावा. हेडसेटइतकं हुबेहूब नाही, कल्पना मात्र येते. पट्टी मोठी कापू नका, नाहीतर समोरच्याला वाटेल सगळंच गेलं. कडेचं दिसलं पाहिजे. तेच तर सांगायचंय.

स्टँडजवळच्या हातगाडीवरून पांढऱ्या काचेचा चष्मा आणला, मोटारसायकलवाले धुळीसाठी घालतात तो. पट्टी तीनचार वेळा कापली. कधी मोठी झाली, कधी वाकडी. शेवटी स्टोअरमधला वॉशर ठेवून त्याच्या कडेने कापली, ती बरोबर बसली. मुलीला घालून बघ म्हणायचा काही उपयोग नव्हता, नवऱ्याला घातला. तो स्वयंपाकघरात उभा राहून मुलीकडे बघत होता. मी म्हणाले, कानाकडे बघा. त्याने बघितलं. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि बाहेर गेला. बराच वेळ मोटारसायकल पुसत होता.

माझं ठरलं आहे ते असं. फोनवर हे होणार नाही. फोनवर आजी बोलतात आणि मी हो म्हणते. दौंडला जायचं, मी आणि नवरा, मामांना न घेता. आजींच्या समोर बसायचं, त्यांच्या बऱ्या डोळ्यावर हा चष्मा चढवायचा आणि म्हणायचं, आता माझ्याकडे बघा. दिसत नाही ना? आता कानाकडे बघा. त्यांनी पुरचुंडी आणली होती, मी चष्मा नेणार. त्यानंतर त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही. आधी सांगितलं असतं तर हाताला धरून नेली असती, असं त्या म्हणाल्या होत्या. आम्ही आधी सांगितलेलं नाही. सुपारीच्या आधी सांगितलेलं त्यांच्या हिशेबात आधी धरलं जातं की नंतर, तेही मला माहीत नाही.

मुलाच्या आईने काल साड्यांचे फोटो पाठवले, कुठला रंग आवडेल म्हणून. मुलीने फोन डोळ्यांजवळ नेऊन मोठे करून बघितले. मोरपंखी तिला आवडला, तिचं बोट त्यावर थांबलं त्यावरून कळलं. उत्तर पाठवू नकोस म्हणाली.

आज शुक्रवार. चष्मा माझ्या पर्समध्ये आहे, रुमालात गुंडाळलेला. सुट्टीचा अर्ज दिला आहे. दौंडला जायला ठरवलेला गाडीवाला आज सकाळीच येतो म्हणत होता, मी त्याला उद्या ये म्हटलं. यादीत सगळ्यात वर तेच काम आहे, फक्त "चहा द्यायच्या आधी" खोडून "सुपारीच्या आधी" लिहिलं आहे. दौंडला जाणं अजून राहिलं आहे.